पंप ओलांडून तू बाटली उचललीस

श्रीधर,

तुझ्या शोकसभेत फोटो चुकीचा लावला होता. तुझे एवढे फोटो आहेत, त्यातला एखादा मळक्या सुती शर्टातला, कानामागे पेन्सिल खोचलेला चालला असता. पण क्लबने निवडला तो एअर शोच्या सकाळचा. निळी पॉलिस्टरची जर्सी, छातीवर देणगीदाराचं बोधचिन्ह, हातात रिमोट आणि चेहऱ्यावर तुझ्या चेहऱ्यावर कधीच नसायचा असा उदात्त भाव. याच जर्सीत तू भाजलास, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, पण फोटो चांगला आला होता. फोटोला हार, बाजूला दोन समया. डावीकडच्या समईची वात हाराच्या इतकी जवळ होती की सभाभर मी तिच्याकडेच बघत बसलो. सवय, दुसरं काय.

अध्यक्ष बोलले. आपले अध्यक्ष फोनवरसुद्धा व्याख्यान देतात, हे तुला माहीत आहे. तू 'आकाशाशी नातं सांगणारा कर्मयोगी' होतास, असं कळलं. मग ते मुद्द्यावर आले. "समोर शेतकऱ्याचा गोठा होता. गोठ्यात मुकी जनावरं होती. आगीने तिकडे मोर्चा वळवला आणि आमच्या श्रीधररावांनी क्षणाचाही विचार न करता स्वतःला झोकून दिलं." लोकांनी डोळे पुसले. मैदानावर तुझ्या नावाचा फलक लागणार असं जाहीर झालं. दरवर्षी तुझ्या स्मरणार्थ एअर शो होणार असंही जाहीर झालं, आणि तोही याच महिन्यात, म्हणजे गवत पुन्हा पुरेसं वाळलेलं असेल तेव्हा.

माझ्या शेजारी निखिल बसला होता. खराडीत सॉफ्टवेअर लिहिणारा, तुझा शेवटचा शिष्य. शोच्या दिवशी ऑफिसने त्याला अडकवून ठेवलं होतं आणि ते त्याला खात होतं. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, मी तिथे असतो ना, तर सरांच्या आधी मी पळालो असतो. हंड्रेड पर्सेंट."

त्याचे डोळे भरलेले होते. तो अगदी मनापासून बोलत होता. त्याच्या गाडीत आता स्वतःचं, रिमोटवर उडणारं जेट असतं.

शोकसभेत खरं बोलायची पद्धत नाही. पण ते वाक्य अजूनही मला रात्री झोपू देत नाही, म्हणून हे तुला लिहितो आहे. तू वाचणार नाहीस. निखिल वाचेल.

तुझ्या विमानांना कुणी खेळणं म्हटलं की तू चिडायचास. रिमोटचं विमान म्हणजे पंखा फिरणारं, बॅटरीवरचं काहीतरी, असं लोकांना वाटतं. मग तू टोपण उघडून आतलं इंजिन दाखवायचास. थर्मासएवढं, पण खरंखुरं जेट इंजिन. रॉकेल जाळणारं, मोठ्या विमानासारखंच किंचाळणारं, मागून लालभडक होणारं. मी एकदा म्हटलं होतं, "म्हणजे ही आगच आहे, फक्त तिला पंख लावलेत." तू म्हणालास, "पंडित, आयुष्यात पहिल्यांदा तू एखादी गोष्ट थोडक्यात सांगितलीस."

इंजिन सुरू करताना एका माणसाने शेजारी बाटली धरून उभं राहायचं, हा तुमच्यातला रिवाज. बाटली म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. बाकीचे पायलट एकमेकांसाठी उभे राहत. तू मला नेलंस. तुझं म्हणणं असं की पायलटला बाटली धरायला दिली तर तो आग बघायचं सोडून इंजिनचा आवाज ऐकत बसतो. "मला असा माणूस पाहिजे, ज्याला विमानात काडीचा रस नाही." त्या पदाला मी सर्वस्वी लायक होतो.

मग दर रविवारी पहाटे तुझी गाडी माझ्या दारात. मागच्या सीटवर विमानाचं धड, पुढे मी आणि माझ्या मांडीवर डावा पंख. हडपसरच्या सिग्नलला एक रिक्षावाला खिडकीतून डोकावून म्हणाला होता, "काका, ॲव्हरेज किती देतं?" तू गंभीरपणे म्हणालास, "यांना विचारा, हे मेकॅनिक आहेत." मी उभ्या आयुष्यात सायकलची चेनसुद्धा बसवलेली नाही. घाट चढून आपल्या माळावर पोचेपर्यंत तू त्या विनोदावर हसत होतास.

आणि माळावर गेल्यावर तुझा तो दरवेळचा प्रश्न. "काय पंडित, तयार?"

"नाही."

"मग सुरू करतो."

एकदाही मी 'हो' म्हटलं नाही. एकदाही तू थांबला नाहीस.

बाटलीची खरी गरज लागली ती एकदाच. इंजिन सुरू होता होता बंद पडलं, आत रॉकेल साचलं, आणि साचलेलं रॉकेल पुरतं निथळू न देता तू घाईने पुन्हा बटण दाबलंस. शेपटीतून विमानाच्या दुप्पट लांबीची ज्वाला आली. तू शिकवलं होतंस तसं मी पुढच्या तोंडातून बाटली मारली. फस्सकन पांढरा धूर, आणि आग गेली. तू गुडघ्यावर बसून इंजिनात टॉर्च मारून पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस, आणि म्हणालास, "जरा आधीच मारलीस."

"पुढच्या वेळी तुझ्या भुवया जळाल्या की मारीन."

हा विनोद मी केला होता. त्या वेळी तो बरा वाटला होता.

आपलं खरं भांडण होतं ते पावडरवरून. मी पुस्तकी माणूस, त्यामुळे मी आगीबद्दल वाचलं. तुला सांगितलं की तुमची ही बाटली इंजिनाच्या पोटातल्या आगीला ठीक आहे, पण बाहेर काही पेटलं तर पावडर पाहिजे, आणि गवत पेटलं तर पाणी. तू म्हणालास, पावडर इंजिनात गेली की बेअरिंग संपलं, इंजिन संपलं.

"म्हणजे आग विझवायची, पण इंजिनला कळता कामा नये," मी म्हटलं.

"बरोब्बर. तू शिकतोयस."

"श्रीधर, तुम्ही लोक आगीपासून माणसाला वाचवायची तयारी करत नाही. विझवण्यापासून इंजिनला वाचवायची करता."

"हे वाक्य लिहून ठेव. तुझ्या शोकसभेत वाचून दाखवीन."

शेवटी मीच शेतकरी पाठीवर अडकवून औषध फवारतात तसला एक पंप विकत आणला आणि गाडीत ठेवला. तू पोट धरून हसलास. "काय पंडित, कपाशीवर मारणार का?" पण पुढच्याच उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाचं तरी विमान गवतात पडलं, माळ पेटला आणि आपण सगळे ओली पोती आपटत दुपारपर्यंत धावत होतो, त्यानंतर पुन्हा हसला नाहीस. दर रविवारी पंप तू स्वतः भरायला लागलास. आणि त्याच दिवशी, चहा पिताना, काळ्या झालेल्या हातांनी, तू नियम केलास. मी नव्हे, तू. पडलं की पडलं. आधी वारा बघायचा. मग पंप आणि ओली पोती घेऊन, वाऱ्याकडे पाठ करून, आग जिथून पुढे गेली आहे त्या जळक्या बाजूने कडा विझवत जायचं, आणि एकट्याने जायचं नाही. विमानाच्या वाटेला जायचं नाही. विमान जळू द्यायचं.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तू ते ऐकवायचास. निखिललाही माझ्यादेखत ऐकवलंस. "पडलेलं विमान हे विमान नसतं रे. तो कचरा असतो. कचऱ्यासाठी कुणी मरत नाही." तो मान डोलावत होता आणि मोबाइलवर टिपून घेत होता.

आता शोच्या दिवसाबद्दल. क्लबच्या ग्रुपवर त्याची बरीच वर्णनं फिरली आहेत, ती तू वाचली नाहीस हे बरं झालं.

मार्चमध्ये शो नको, असं तू सांगितलं होतंस. पण प्रमुख पाहुण्यांना मार्चच सोयीचा होता. गवत कापून घ्या म्हणालास, तर त्यांनी कापलं. मंडपासमोरचं. पाहुणे जिकडे बसणार होते तिकडे हिरवळीसारखं भादरून काढलं, आणि विमानं पडली तर जिकडे पडतील, तिकडे कमरेएवढं वाळकं गवत तसंच उभं, कारण तिकडून फोटो घ्यायचे नव्हते. सगळ्यांना पॉलिस्टरच्या जर्सी वाटल्या. तू म्हणालास, "यात घामोळं येईल." भाजण्याचा विचार तुझ्याही मनात आला नाही. आणि 'सुरक्षा पथक' म्हणून चमकणारी जाकिटं घातलेले दोघे आणले होते, ते पाहुण्यांच्या खुर्चीच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक सिलिंडर घेऊन द्वारपालांसारखे उभे.

माझ्याकडे जाकीट नव्हतं. त्यामुळे मला दोरीच्या बाहेर प्रेक्षकांत बसवलं. स्वयंसेवक पोरगी फार नम्र होती. "सॉरी काका, आत फक्त ऑफिशियल्स." तू लांबून हात केलास, "बस रे तिथेच, आज दोन-दोन अधिकृत आहेत!" आणि आपण दोघेही हसलो.

एकाच गोष्टीवर तू अडून बसलास. विमानं सुरू करायच्या टेबलाजवळचा आपला फवारणीचा पंप त्यांना मंडपामागे न्यायचा होता. सजावटीत बसत नाही म्हणाले. तू म्हणालास, "मग सजावट हलवा." पंप जागेवर राहिला. बाटलीच्या शेजारी, पाण्याने काठोकाठ भरलेला. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

भाषणं लांबली. वारा वाढला होता. शेवटी तुझं जेट उडालं, आणि ते काय सुंदर उडालं, हे मला, ज्याला काडीचा रस नाही त्यालाही, मान्य करावं लागेल. नंतर वळताना ते खाली खाली येत गेलं आणि वर गेलंच नाही. का, यावर ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे. ते गवतात पडलं. आधी धूळ, मग काळा धूर, मग ज्वाला.

मी तुझ्याकडे बघत होतो. तू रिमोटवरचं इंजिन बंद करायचं बटण दाबलंस. मग रिमोट टेबलावर ठेवलास, टाकला नाहीस, अगदी हळू ठेवलास. मला वाटलं, आता हा वळून वारा बघेल, माणसं बोलावेल. तुझ्या पायाशी पंप होता. तू पंप ओलांडलास, पलीकडची बाटली उचललीस आणि धावत सुटलास.

मी ओरडलो, "जळू दे! श्रीधर, जळू दे!" भोंग्यावर निवेदक सांगत होता, "घाबरण्याचं कारण नाही, आपली सुरक्षा यंत्रणा सज्ज आहे." त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. सुरक्षा यंत्रणेने पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडलं.

तू विमानापाशी पोचलास आणि बाटली मारलीस. धडावरची आग क्षणभर दबली, आणि त्या झोताने आजूबाजूचं पेटतं गवत चारी दिशांना उडालं. तुझ्या मागेही उडालं. वाऱ्याने बाकीचं केलं. मी दोरी ओलांडून, पंप पाठीला लावून, आणखी दोघांबरोबर तिथे पोचलो तेव्हा तू उभाच होतास. जर्सी तुला चिकटली होती. पुढचं लिहीत नाही. तुझ्या हातात तेव्हाही बाटली होती, रिकामी.

आग उतारावर गेली. गावातल्या लोकांनी निरगुडीच्या फांद्या तोडून, झोडपून झोडपून गोठ्याच्या अलीकडे विझवली. तू निघालास तेव्हा ती गोठ्याकडे वळलेलीही नव्हती. अध्यक्षांच्या भाषणातला गोठा तो हाच.

हॉस्पिटलमध्ये मला तुझ्याजवळ सोडलं ते थोडाच वेळ. वरून खालपर्यंत गाउन, टोपी, मास्क चढवून मी आलो, तर तू डोळ्यांनीच म्हणालास की मी विनोदी दिसतो. मग घोगऱ्या आवाजात विचारलंस, "बंद झालं होतं का?"

"काय?"

"इंजिन."

"हो. तूच बंद केलंस. मी पाहिलं."

तू नजर छताकडे नेलीस. मग म्हणालास, "मग मी कशाला गेलो?"

"बोलू नकोस आता."

"पंडित, सांग ना. कशाला गेलो?"

जन्मभर मी लोकांना पुस्तकातल्या माणसांच्या वागण्याची कारणं समजावून सांगत आलो. वर्गात तर न विचारता सांगितली. तू विचारलंस आणि माझ्याकडे एक शब्द नव्हता. सिस्टरने मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तुला नळी घातली होती, आणि त्यानंतर आपलं बोलणं नाही.

आता मला वाटतं, कारण फार साधं आहे. दर रविवारी आपण सराव केला तो इंजिन वाचवायचा. बाटली कुठे ठेवायची, कशी उचलायची, कुठल्या हाताने पिन काढायची, हे तू मला इतक्या वेळा करायला लावलंस की मी झोपेतही करीन. आणि विमान जळू द्यायचं, हे आपण फक्त बोललो. चहा पिताना बोललो, नवीन पोरांना बोललो. नुसतं उभं राहून, हात न हलवता, स्वतःचं विमान जळताना बघायचा सराव कुणीच कधी केला नाही. वेळ आली तेव्हा तुझ्या डोक्याला नियम पाठ होता आणि हाताला बाटली पाठ होती. हात लवकर पोचला.

हे तुला त्या दिवशी सांगता आलं असतं तर तू म्हणाला असतास, "फार लांबलं, पण चालेल."

मध्येच एक दुसरी गोष्ट. सुमन गेली, घरात मी एकटा उरलो, आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तू माझ्या दारात आलास. सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीस. गाडीत बसवलंस, पंख मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "घट्ट धर, हलता कामा नये." मी घाट संपेपर्यंत तो पंख घट्ट धरून बसलो. विमानात रस नसलेला माणूस हवा, हे तुझं सगळं तत्त्वज्ञान त्या दिवसापासूनचं. बाटली धरायला तुझ्याकडे पाच-सहा पायलट होते. हे मला फार उशिरा उमगलं, आणि उमगल्यावरही आभार मानायचे राहून गेले, कारण तू ते चेष्टेत उडवले असतेस.

फलकाचा मजकूर वहिनींच्या मोबाइलवर पसंतीसाठी आला, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. तुझी उरलेली विमानं त्यांनी चादरी घालून गॅलरीत ठेवली आहेत. घरात अजून रॉकेलचा वास येतो. वसुधावहिनींनी चहा पुढे ठेवला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. 'मुक्या जनावरांच्या रक्षणार्थ प्राणार्पण करणारे' असं काहीतरी होतं, आणि त्याच्याखाली अध्यक्षांचं नाव तुझ्या नावाएवढ्याच अक्षरात.

"भाऊजी, हे खरं आहे का?"

मी सुरुवात केली, "वहिनी, अशा वेळी माणसाच्या मनात नेमकं काय असतं…"

"हे गाईसाठी गेले?" त्यांनी मला मध्येच तोडलं. "भाऊजी, ह्यांना गाईची भीती वाटायची. रस्त्यात गाय दिसली की हे पलीकडच्या फुटपाथवर. वसुबारसेला गाईच्या पूजेला मी जन्मभर एकटी गेले. हे गाडीत, काचा वर करून."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. इतक्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं असेल. मग त्या रडायला लागल्या, आणि मी कपाकडे बघत बसलो.

"इंजिनासाठी गेले ना?"

"हो."

"बंद होतं ना पण ते?"

"हो, वहिनी. बंद होतं."

"मग तसं लिहायला सांगा त्यांना."

"फलकावर ते बरं दिसणार नाही."

"हॉस्पिटलमध्ये हे दिसत होते ते बरं दिसत होतं का?" त्यांनी पदराने डोळे कोरडे केले. "मला ह्यांच्यावर रागवायचंय, भाऊजी. पोटभर रागवायचंय. त्याला तरी खरं कारण ठेवा. गाईवर मी कशी रागावू?"

मी त्यांना निखिलचं वाक्य सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वर्षांचा आहे तो?" आणि उत्तराची वाट न बघता कप उचलून आत गेल्या.

फलकाच्या अनावरणाला पुन्हा मंडप, पुन्हा शाली, नारळ, पुन्हा तेच पाहुणे. माळ मात्र काळाठिक्कर. जळायला काही उरलेलं नसल्यामुळे सध्या आपलं मैदान कधी नव्हे इतकं सुरक्षित आहे. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्षांनी वहिनींना 'दोन शब्द' बोलायची विनंती केली. रिवाजाप्रमाणे त्या नको म्हणतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. त्या उठल्या.

"ह्यांना गाईची भीती वाटायची," त्या माइकवर म्हणाल्या. "हे गोठ्यासाठी गेले नाहीत. हे इंजिनासाठी गेले, आणि ते इंजिन ह्यांनी आधीच बंद केलेलं होतं. जाऊ नका असं ह्यांनीच तुम्हाला सगळ्यांना सांगितलं होतं, आणि हे गेले. ते शूर नव्हतं. चूक होती. तुमच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं. तुम्ही जाऊ नका."

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे पाहुण्यांना कळेना. त्यांचे हात अर्धवट वर आले आणि तसेच राहिले. अध्यक्षांनी माइक घेतला. "वहिनी आज भावनेच्या भरात…"

"मी भरात नाही," वहिनी खालूनच म्हणाल्या. माइकशिवाय. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

फलक तूर्त झाकून ठेवला आहे. मजकुरावर विचार करायला समिती नेमली आहे.

निखिल गाडीपर्यंत माझ्या मागे आला. "काका, खरंच इंजिनसाठी?"

"हो."

"पण सरांनीच तर मला सांगितलं होतं, जळू दे म्हणून."

"मलाही सांगितलं होतं."

तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. "म्हणजे सगळं माहीत असूनसुद्धा मी…"

"हो. माहीत असूनसुद्धा."

"मग करायचं काय?"

हा प्रश्न मला दुसऱ्यांदा निरुत्तर करणार, असं वाटलं. पण या वेळी मला काहीतरी सुचलं. ते फार थोर नाही. तू असतास तर खोखो हसला असतास.

परवाच्या रविवारी आम्ही माळावर गेलो. निखिल सुती शर्ट घालून आला होता, न सांगता. बाटली दुसऱ्या एका पायलटच्या हातात दिली. मी निखिलच्या मागे उभा राहिलो आणि त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला.

"काका, गुदगुल्या होतात."

"सहन कर. विमान हवेत आहे असं समज. वळलं. खाली आलं. पडलं."

त्याने रिमोटवरचं बटण दाबलं, रिमोट टेबलावर ठेवला, आणि त्याचा पाय पुढे पडला. मी पट्टा ओढला. तो ओशाळून मागे वळला. "आपोआप झालं, काका. शप्पथ."

"माहीत आहे. पुन्हा."

पुन्हा पाय गेला. पुन्हा ओढला. बाकीचे पायलट आधी गालातल्या गालात हसत होते, मग हसायचे थांबले आणि एकेक करून आमच्याजवळ येऊन उभे राहिले. निखिलला घाम आला होता. त्याचं जेट टेबलाजवळ धडधाकट उभं होतं, सुरूसुद्धा केलेलं नव्हतं. "पडलं," मी म्हटलं. त्याने रिमोट ठेवला. मुठीतल्या पट्ट्याला ताण आला, आणि तो ताण हळूहळू सैल झाला. त्याचे दोन्ही पाय जागच्या जागी होते.

समोर काहीही पेटलेलं नव्हतं, श्रीधर. तरी आम्ही सगळ्यांनी तिथे उभं राहून ते पूर्ण जळू दिलं.